बाप्पाच्या पाठीवरचं इंग्रजी

आमच्या जोहे गावातले अप्पा गणपतीच्या पाठीवर पेन्सिलीने इंग्रजी लिहायचे. रंग चढायच्या आधी मूर्तीची पाठ पांढरी, गुळगुळीत, कोऱ्या पानासारखी असते. वही हरवते, गणपती हरवत नाही, असं त्यांचं म्हणणं.

ते इंग्रजी माझ्याकडून जायचं. आमचं घर खाडीकाठचं, आईवडील दोघंही मिठागरावर. मिठागर बंद पडलं त्या वर्षी घरात भात होता आणि भातावर घालायला मीठच होतं. मग आई आणि मी अप्पांच्या गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला लागलो. सकाळी पेणला कॉलेज, दुपारी पितांबरं पिवळी करायची. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, हे मी अजूनही कुणी न विचारता सांगते.

माझ्या पिशवीत इंग्रजी वाक्प्रचारांचं जुनं पुस्तक असायचं. अप्पांनी एकदा ते चाळलं आणि फर्मावलं, "शैला, यातलं रोज एक सांगायचं. पण बाजारात काय चालतं, काय पडतं, त्याबद्दलचंच. आपल्या धंद्यात बसंल असं."

धंदाच तसा. एका वर्षी सगळ्यांना झोपाळ्यावरचा गणपती हवा, पुढच्या वर्षी मोरावरचा, त्याच्या पुढच्या वर्षी टीव्हीवरच्या देवासारखे दंड फुगलेला. ऑर्डर घेताना अप्पा निमूट मान हलवायचे. गिऱ्हाईक गेलं की म्हणायचे, "सोंडेखाली तालमीचं अंग. पब्लिकला काय सांगायचं."

'ऑल द रेज' म्हणजे ज्याच्यामागे सगळे वेडे झालेत ते, असं मी सांगितलं. आठवडाभर गावात सगळंच ऑल द रेज झालं. शेजारच्या मुलीला बघायला पाहुणे आले, त्यांनाही अप्पा ऐकवून आले, "सध्या नोकरीवाली सून ऑल द रेज हाय." पाहुणे गेल्यावर मुलीच्या आजीने विचारलं, "काय शिवी दिलीस रे त्यांना?"

'बँडवॅगन'ला मी जरा मेहनत घेतली. पुढे वाजंत्री बसलेली गाडी, ती दिसली की लोक उडी मारून चढतात, कुठे चाललीय ते विचारत नाहीत. अप्पांनी ब्रश खाली ठेवला. "म्हणजे विसर्जनाचा टेम्पो. कुणाचा गणपती ठाव नाय, नाचायला पुढं."

भराभर खपणाऱ्या मालाला इंग्रज 'हॉट केक्स' म्हणतात, हे मात्र त्यांना पटलं नाही. "गरम केक कोण खातो गो? पेणचे पापड म्हण ना."

"पुस्तकात तसं नाही, अप्पा."

"मग पुस्तक करणारा पेणला आला नसंल."

'ओल्ड हॅट' म्हणजे मागे पडलेली फॅशन. हे एका मूर्तीच्या पाठीवर लिहिलं गेलं आणि शेवटच्या घाईत पाठीला रंगाचा हात पातळ बसला. मूर्ती ठाण्याला गेली. चौरंगावर बसवताना त्या घरच्या नातवाने मागून मोठ्याने वाचलं. लगेच फोन आला, "आमच्या बाप्पाला तुम्ही जुनाट म्हणता?"

"बाप्पाला नाय हो साहेब," अप्पा म्हणाले, "तो आमचा अभ्यास हाय."

"अभ्यास? कुणाचा?"

"माझा."

त्या दिवसापासून कारखान्यातली माणसं त्यांना कॉलेजकुमार म्हणायला लागली.

मला मात्र हसू येत नव्हतं, कारण अप्पांच्या घराला खरी काळजी सुनंदाताईची होती. अप्पांची एकुलती मुलगी, रोह्याला दिलेली; नवरा धाटावला कंपनीत शिफ्टला. तिच्यासारखी आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं, आमच्याकडे कुणाला जमत नसे. म्हणून दहावीनंतर अप्पांनी तिला अकरावीत घातलंच नाही, ब्रश हातात दिला. लग्नानंतर तिने सतरा नंबरचा फॉर्म भरून घरूनच बारावी दिली आणि दोनदा इंग्रजीत नापास झाली. पास झाली तर नर्सिंगच्या कोर्सला अर्ज करता येणार होता. सासूने बजावलं होतं, "हा फॉर्म शेवटचा. मग गप घर बघ." आणि अशा वेळी बाप गावभर इंग्रजी मिरवत होता.

मी एकदा बोललेच, "अप्पा, तुमची हौस राहू द्या, ताईकडे बघा."

"बघतो की," ते म्हणाले आणि उंदीर रंगवायला घेतला.

दर रविवारी ते रोह्याची एसटी धरायचे. परीक्षेला महिना उरला तेव्हा मला म्हणाले, "चल, पुस्तकच घेऊन चल."

जावई रात्रपाळी करून आत झोपलेले, त्यामुळे सगळं बोलणं हळू आवाजात. ताई तांदूळ निवडत होती. अप्पा पाटावर बसले, खिशातून कागद काढला. "सुनंदा, हे बँडवॅगन काय गो? शैलानं सांगितलं, पण डोक्यात शिरत नाय."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

"अप्पा, मागच्या रविवारी सांगितलं ना?" ताई म्हणाली.

"इसरलो."

तिने पुन्हा सांगितलं. त्यांनी मान खाजवली. "वाक्यात घालून दाखव बघू." तिने इंग्रजीत एक वाक्य केलं. तरी त्यांना कळेना. तिने दुसरं केलं, आधीपेक्षा लांब. मग ते इतकं वेडंवाकडं काहीतरी बोलले, की ताईने सूप बाजूला ठेवून कपाळाला हात लावला. "तुमचं काय खरं नाय, अप्पा." आणि तिसरं वाक्य केलं, न अडखळता. ती इंग्रजीच्या क्लासला जायची, तिथल्या बाईंपुढे याच ताईचं तोंड उघडत नसे.

परतीच्या एसटीत नागोठणं गेलं. मी म्हणाले, "तुम्हाला तर सगळं पाठ आहे."

"हाय की." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "तिला कुणी काय विचारतच नाय गो. सासरी नाय, कुठं नाय. मी तरी कुठं विचारलं? शाळा सोडवली तेव्हा बी नाय." मग म्हणाले, "धंद्यातले संपले. आता दुसरे काढून दे."

त्या वर्षी सुनंदाताई बारावी पास झाली. इंग्रजीत एकोणपन्नास. आज ती रोह्याजवळ सरकारी दवाखान्यात नर्स आहे.