आत्याचा दारोदार गृहपाठ

मी शिकवायला बसलो तर दगडालासुद्धा बाराखडी येईल! उगाच सांगत नाही. कोलशेतच्या आमच्या सोसायटीत मी मोठ्या माणसांसाठी साक्षरता वर्ग काढला, तेव्हा बायको पायल म्हणाली, "आधी स्वतः वेळेवर उठायला शिक!" मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. थोर कामात घरचेच आडवे येतात.

वर्गात आजी-आजोबा मोजकेच, पण माझी शकूआत्या म्हणजे त्यांतली वाघीण! उभा जन्म अंगठा उठवण्यात गेला, आता मात्र हातातलं पेन सुटेना. भीती एकच होती. आमचे सेक्रेटरी सुधीरराव वर्गाच्या खोलीत टेबल टेनिसचं टेबल टाकायला टपून बसलेले. रविवारी एका संस्थेच्या मंदाकिनीताई वर्ग बघायला येणार होत्या. त्यांना पसंत पडला तर फळा, पुस्तकं मिळणार आणि खोली राहणार. नाहीतर वर्ग बंद!

"मह्या, आता कुठे गोडी लागलीय रे," आत्या म्हणाली. "मला परत टीव्हीसमोर नको बसवू!"

मी लगेच म्हणालो, "आत्या, तू फक्त बघ!"

मी शक्कल काढली. प्रत्येक वस्तूवर तिच्या नावाची चिठ्ठी चिकटवायची! बघता बघता घरभर चिठ्ठ्या. कपाट, कुकर, पंखा. पायलच्या नव्याकोऱ्या पर्सवर 'पिशवी'! ती माझ्याशी बोलेना, पण आत्या धडाधड वाचायला लागली. मग मला चेवच आला. शनिवारी वर्गात जाहीर केलं, "नावं पुरे झाली! आता वस्तू कशी आहे तेही लिहा. बिल्डिंगभर फिरा. जे दिसतं ते लिहा, कोणाला घाबरू नका!"

कोणीही घाबरलं नाही.

रविवारी सकाळी ताईंना घ्यायला मी आणि सुधीरराव खाली गेलो. त्यांना घेऊन येईपर्यंत लिफ्टवर ताजी चिठ्ठी लागली होती, 'लिफ्ट. नेहमी आजारी.'

"वा! स्वतःचं वाक्य!" ताई खूश!

जिन्याने निघालो. पहिल्याच दारावर, 'दार. आतलं भांडण बाहेर ऐकू येतं.' पुढच्या दारावर, 'कुत्रा चांगला. मालक भुंकतो.' मी पाठ टेकवून ती झाकायला गेलो. ताई मात्र हसत हसत पुढे! आवाज ऐकून दारं उघडली. जो तो एका हाताने आपली चिठ्ठी झाकत होता आणि मान लांब करून शेजाऱ्याची वाचत होता.

आणि आलं सुधीररावांचं दार. 'सेक्रेटरी. आम्हाला पाणी नाही. यांची गाडी रोज आंघोळ करते.'

सुधीरराव लाल मिरचीसारखे झाले. "कोणी लिहिलं हे?"

"मी!" वरच्या पायरीवरून आत्याने ऐटीत हात वर केला. "जोडाक्षर बरोबर आलंय ना? बघा की!"

"वर्ग बंद! आजच्या आज बंद!"

आत्याचा हात हळूहळू खाली आला. मला रडूच यायचं बाकी होतं. तेवढ्यात कुत्र्याचे मालक खरोखरच भुंकले, "बंद कशाला? पाण्याचं खरंच आहे!"

"अहो, आम्ही कधीपासून बोंबलतोय!" भांडणवाल्या घरातून नवराबायको एका सुरात म्हणाले. सगळा जिना दणाणला.

ताई म्हणाल्या, "सुधीरराव, ज्या बाईंना सही येत नव्हती, त्यांनी तक्रार लिहिलीय! फळा आणि पुस्तकं उद्याच पाठवते."

एकीकडे पाहुणी, दुसरीकडे पाण्यावरून पेटलेली बिल्डिंग. सुधीररावांनी नाइलाजाने वर्गाला होकार दिला. आत्याने भर जिन्यात मला मिठी मारली. काय सांगू, मला आनंदाने नाचावंसं वाटत होतं!

"आणि सरांचं घर कुठलं?" ताईंनी विचारलं.

मी छाती काढून पुढे झालो. दारावर आत्याचं सगळ्यात सुवाच्य अक्षर होतं, 'महेंद्र. सगळ्यांना शिकवतो. भांडी घासता येत नाहीत.'

"आत्या, शंभरपैकी शंभर!" पायल आतून ओरडली.

वर्ग आता रोज संध्याकाळी भरतो. त्याआधी माझा भरतो, आमच्या सिंकपाशी. पायलबाई फार कडक आहेत. काल तीच कढई मला परत घासायला लावली!