ड्यूकची बाही

"माझी शिवण उसवलेली दाखवा, त्या दिवशी मशीन विकून शेळ्या राखीन," असं महेबूबभाई टेलर सेनगावातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत. गिऱ्हाईक नसलं की बायकोला, बिलकीसला ऐकवत. आणि ते खोटं नव्हतं. तीस वर्षांत त्यांनी शिवलेले शर्ट विटले, फाटले, पोतेरं झाले, पण शिवण जिथल्या तिथं. बिलकीस ज्यानं फरशी पुसायची त्या पोतेऱ्याचीसुद्धा कॉलर ताठ होती.

म्हणूनच प्रियदर्शनी मॅडम त्यांच्या दुकानाची पायरी चढल्या. या पुसेगावच्या. पुण्यात नाटक शिकून आल्या, आता इथल्या कॉलेजात शिकवत होत्या आणि मंगल कार्यालयात फ्रेंच ऑपेरेटा बसवत होत्या.

"हे ऑपेरेटा म्हंजे काय असतंय?" महेबूबभाईंनी विचारलं.

"हसवायचं, गाण्यांचं नाटक, चाचा. दीडशे वर्षांपूर्वीचं. एक म्हातारा ड्यूक, म्हणजे तिकडचा सरदार, बेकरीवाल्या पोरीशी जबरदस्तीनं लग्न करायला निघतो. तिचा प्रियकर, एक शिपाई, त्याची फजिती करतो. आपण ते आजच्या काळात आणलंय. ड्यूक काळी-पिवळी जीपमधून येतो."

"जीपमधून येतो, तर मखमलीचा कोट काहून?"

"ड्यूक आहे ना तो!"

हे महेबूबभाईंना पटलं. ड्यूक होणार होते भूगोलाचे शिवशंकर सर. त्यांचं माप घेतलं, लाल मखमल कापली, सोनेरी पट्ट्या लावल्या आणि पांढऱ्या दोऱ्यानं लांब लांब कच्चे टाके घालून कोट खुंटीला टांगला. एकदा सरांच्या अंगावर ट्रायल घ्यायची आणि मग मशीनवर पक्का करायचा, हा तीस वर्षांचा शिरस्ता. पण सरांना तालमीतून सवड होईना. शेवटी प्रयोगाच्याच दिवशी, शुक्रवारी दुपारी तीनला येतो, असा निरोप आला.

महेबूबभाई जुम्म्याच्या नमाजला गेले. परत आले तर खुंटी रिकामी.

"कोट कुठं हाय?"

"मॅडम घेऊन गेल्या," बिलकीस म्हणाली. "सगळे कपडे शुक्रवारी द्यायचे, तुमीच म्हनले व्हते."

"अगं, तो कच्चा व्हता!"

"इस्त्री तर बराबर व्हती."

महेबूबभाई धावतच मंगल कार्यालयात पोहोचले. मेकअपच्या खोलीच्या दारात उत्तमसिंग वॉचमन उभा होता, महेबूबभाईंनीच शिवलेल्या वर्दीत.

"कलाकारांशिवाय कुनाला सोडायचं न्हाई, मॅडमचा हुकूम हाय."

"लेका, सवाल माझ्या इज्जतीचा हाय."

"मंग पुढून जा. तिसऱ्या रांगेत तुमची जागा ठेवली."

दारातली ही हुज्जत संध्याकाळपर्यंत चालली, तोवर आत क्लॅरिनेट सुरू झालं. महेबूबभाई मुकाट्यानं तिसऱ्या रांगेत बसले. शेजारी बिलकीस नवी ओढणी सावरत आधीच येऊन बसली होती. त्यांनी मागं वळून पाहिलं. माणिकराव, पुनमचंद शेठ, अख्खी बाजारपेठ समोर होती आणि अर्ध्याहून अधिक लोकांच्या अंगावर महेबूबभाईंचीच शिलाई होती.

खेळ मात्र फक्कड होता. बेकरीवाली झालेली तरन्नुम पावावर पाव रचत असा सूर लावायची की छताचे पंखे थांबल्यासारखे वाटत. लग्नाच्या बँडमधली माणसं फ्रान्सची चाल अशी वाजवत होती की मागच्या रांगेत पाय थिरकायला लागले. मग प्लायवूडची काळी-पिवळी आली. तिच्यातून बारा माणसं, दोन पोती आणि एक शिडी उतरली. तेरावा उतरला ड्यूक. टाळ्यांनी हॉल दणाणला.

दिव्यांच्या उजेडात लाल मखमलीवरचे पांढरे टाके महेबूबभाईंना लख्ख दिसले.

ड्यूक हात वर करून गाऊ लागला. महेबूबभाईंना राहवेना. ते उभे राहिले आणि दोन्ही हातांनी खुणावू लागले, हात खाली घ्या, खाली! मागच्यांना वाटलं, हे नव्या धर्तीचं नाटक आहे, आपणही असंच करायचं असतं. बघता बघता सगळा हॉल हात हलवू लागला. सरांना एवढी दाद वर्गात कधी मिळाली नव्हती. त्यांनी हात आणखी उंच नेले.

तेवढ्यात शिपाई झालेल्या फहीमनं, नाटकात होतं त्याप्रमाणे, ड्यूकला बाहीला धरून मागं ओढलं. ड्यूक जागेवरच राहिला. बाही फहीमच्या हातात आली.

मग माणिकरावांनी हळूच स्वतःचा खांदा चाचपला. ते पाहून पुनमचंद शेठनी चाचपला. महेबूबभाईंना ते दिसलं, आणि जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं.

शिवशंकर सर डगमगले नाहीत. "एक गेली तर जाऊ द्या, दुसरी हाय माझी," असं त्यांनी चालीत म्हटलं आणि दुसरा हात पुढं केला. दुसरीही निघाली! लोक खुर्च्यांवरून घसरायचे बाकी राहिले. बिलकीसच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"अजी," ती कशीबशी म्हणाली, "शेळ्या कवा घ्यायच्या?"

मध्यंतरात उत्तमसिंग चहाला गेला आणि महेबूबभाई आत घुसले. सर पडद्याला टेकून पाणी पीत होते. कॉलरला टोचलेली सुई काढून, दुहेरी दोरा ओवून, विंगेतल्या अंधारात महेबूबभाईंनी दोन्ही बाह्या अशा पक्क्या केल्या की आता बैल जुंपले तरी निघायच्या नाहीत. घाईत कोटाबरोबर थोडा पडदाही शिवला गेला.

दुसऱ्या अंकात ड्यूक नवरीकडं निघाला. त्याच्यामागून पडदा निघाला. सरांनी जोर लावला, वरचा बांबू खाली आला आणि मागचं सगळं उघडं पडलं. लग्न लावणारा पाद्री बशीतून चहा पीत होता. जीपमधली बारा माणसं वडापाव खात होती. मॅडम हातात वही धरून पुतळ्यासारख्या उभ्या. मग त्या बारा जणांनी वडापावासकट लग्नाचं गाणं सुरू केलं आणि पब्लिक उभं राहून टाळ्या देऊ लागलं. बांबू पडला, दोरी तुटली, पण शिवण सुटली नाही, हे सबंध हॉलमध्ये फक्त एकाच माणसाच्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी मॅडम दुकानात आल्या. महेबूबभाई मान खाली घालून बसले होते.

"चाचा, नांदेडला बोलावलंय. पडद्याचं राहू द्या, पण बाही अशीच निघाली पाहिजे."

"जानून कच्ची ठेवू?"

"कच्चीच. सगळा खेळ आता त्या बाहीवर आहे."

महेबूबभाईंनी शब्द दिला. बिलकीससमोर बसून पांढऱ्या दोऱ्यानं लांब लांब टाके घातले.

नांदेडला फहीमनं बाही ओढली. निघाली नाही. त्यानं पाय रोवून ओढली. सर स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत घसरत गेले. जीपमधले चौघं मदतीला आले, पाद्रीही आला. बाही ढिम्म हलली नाही. विंगेत मॅडमनी कपाळाला हात लावला.

शेजारी बसलेल्या बिलकीसनं सावकाश नवऱ्याकडं पाहिलं. "अजी, काय केलं तुमी?"

"कच्चीच घातली व्हती," महेबूबभाई पुटपुटले. "फक्त निघताना हाताला राहवलं न्हाई. वरून मशीनवर एक पक्की शिवण मारली."

आणि त्या चिडीचूप हॉलमध्ये तिसऱ्या रांगेतला एकच माणूस उठून टाळ्या वाजवू लागला.