उलटी पाटी

आमच्या जावयाला हात स्वस्थ ठेवता येत नाहीत. लंडनला विम्याच्या कचेरीत बसतात, वर्षातून दोनदा आमच्या मार्टनहोपला येतात, आणि आले की माझ्या पबमध्ये दिसेल ते सरळ करत सुटतात. भिंतीवरची चित्रं सरळ कर, खुर्च्या रांगेत लाव, टेबलाच्या पायाखालची पुठ्ठ्याची घडी काढून टाक. त्या घडीवाचून टेबल डुगडुगतं हे कळायला त्यांना दोन पेले सांडावे लागले. मुलगी म्हणते, "आई, क्लाइव्हला नीटनेटकेपणा आवडतो." आवडू दे. मलाही आवडतो, पण मी दुसऱ्याच्या घरी जाऊन त्याची पातेली मांडत नाही.

गुरुवारी सकाळी मी तळघरात होते. बिअरच्या दोन्ही नळ्या धुवायचा दिवस. खाली दोन पिंपं होती, दोन्हीत एकच बिअर. एक मंगळवारी उघडलेलं, निवळून काचेसारखं झालेलं. दुसरं कालच आलेलं, आतला गाळ सगळा घुसळलेला. तसलं पिंप दोन दिवस निवळू द्यावं लागतं. त्याआधी कुणी प्यायलं तर अर्ध्या-पाऊण तासात पोट धरून पळत सुटतो.

धुतलेल्या नळ्या पिंपांना जोडते आहे तोच फोन वाजला. शेजारच्या गावच्या पबवाली ग्वेन.

"डोरीन, दाढीवाला, वहीवाला. माझ्याकडे अर्धा पेला घेतला, उजेडाकडे धरला, हुंगला, वहीत काहीतरी खरडलं. आता बाराच्या बसने तुझ्याकडे निघालाय."

हा परीक्षक. चांगली बिअर कुठे मिळते त्याचं दरवर्षी एक पुस्तक निघतं, त्याचा. दोन वर्षं आमचं नाव त्यात नाही. पब ज्यांच्या मालकीचा त्या कंपनीने सांगून ठेवलंय, यंदाही आलं नाही तर पबला कुलूप, आणि तिथे राहायची घरं. एकेचाळीस वर्षं मी बिअर द्यायच्या त्या लाकडी फळीमागे उभी आहे. मला दुसरीकडे उभं राहता येत नाही.

घाईघाईत नळ्या जोडल्या, वर आले, आणि तळघरातली बिअर वर ओढणाऱ्या फळीवरच्या दोन पंपांपैकी उजव्यावरची बिअरच्या नावाची पाटी फिरवून पाठ गिऱ्हाइकाकडे केली. पाटी उलटी म्हणजे ही बिअर अजून तयार नाही. आमच्याकडे हे रांगत्या पोरालाही कळतं. मग केस विंचरायला आत गेले. जाताना जावईबापूंना म्हटलं, "जरा लक्ष ठेवा."

परत आले तर खिडकीशी दाढीवाला बसलेला. पुढ्यात रिकामा पेला. आणि दोन्ही पाट्या सरळ.

"जावईबापू," मी हळूच विचारलं, "यांना कुठल्या पंपातली दिलीत?"

"उजव्या. पाटी उलटी लागली होती, आई. मी सरळ केली."

"ती लागली नव्हती. मी लावली होती."

"उलटी? मुद्दाम?" माणसाचा खरोखर विश्वास बसेना.

मी घड्याळाकडे पाहिलं. बारा वाजून पंचवीस. मग डाव्या पंपातली आमच्या ह्यांच्या जस्ताच्या मगात भरून घेतली आणि उभ्या उभ्या संपवली. ह्यांच्या मागे मी त्याच मगातून पिते. चव काही लागली नाही. भीती तोंडात असली की बिअर काय आणि भांडी धुतलेलं पाणी काय. म्हणून आणखी एक घेतली.

दाढीवाला खुर्चीत जरासा हलला. त्याने पायावर पाय टाकला. मी म्हटलं, आलं. त्याने पाय खाली घेतला. मी म्हटलं, आता नक्की आलं. त्याने वहीत दोन ओळी लिहिल्या, आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मरणारा माणूस निरोप घेतो तशी ती मला वाटली.

एकला पाच मिनिटं कमी असताना तो उठला आणि टोपी घेतली.

"निघतो, बाई. बस चुकेल."

इथून पुढे चाळीस मिनिटांची बस. मध्ये नुसती मेंढरं आणि कुंपणं. मला तो त्या बसमध्ये दिसायला लागला. मी जाऊन दारात आडवी उभी राहिले.

"साहेब, जाऊ नका. संडास तिकडे आहे."

"मला नको आहे."

"लागेल." आता लपवून काय करणार होते? "तुम्ही प्यायलात ती तयार नव्हती. गाळाची होती. काय लिहायचं ते लिहा, पण बसमध्ये चढू नका."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "गाळाची? अहो, पेल्यातून मला खिडकीबाहेरची मेंढरं मोजता येत होती. वर्षभरात अशी निवळलेली बिअर प्यायलो नाही. दहापैकी नऊ दिलेत मी." त्याने वही उघडून दाखवली. आकडा मला वाचता येतो. नऊच होता.

"पण नवं पिंप उजव्या पंपालाच जोडलंय," मी म्हटलं.

"मी खाली जाऊन बघू का?" जावईबापू म्हणाले आणि गेलेसुद्धा. खालून त्यांचा आवाज आला, "आई, नळ्यांची अदलाबदल झालीय. नवं पिंप डाव्या पंपाला आहे. उजव्याला जुनं."

डाव्या पंपाला. मी जस्ताच्या मगाकडे पाहिलं. दोन मग. जस्तातून गाळ दिसत नाही. तेवढ्यात माझ्या पोटात कुणीतरी पिंप गडगडत नेलं.

"बाई, तुमचा चेहरा उतरलाय," दाढीवाला म्हणाला.

"तुम्ही बस पकडा, साहेब," मी म्हटलं, आणि त्याला दाखवलेल्या दाराकडे मीच धावले.

बस गेल्याचा आवाज आतून ऐकला. थोड्या वेळाने दारावर टकटक झाली.

"आई, काही हवंय का?"

"जावईबापू, नीट ऐका," मी आतून म्हटलं. "न विचारता पाटीला हात लावलात ही चूक तुमचीच, त्यात मी काही कमी करणार नाही. आता पुन्हा हात लावा. डावी उलटी करा. आणि यापुढे इथे असाल तेव्हा पाट्या तुमच्याकडे."