डावखुऱ्याचं गुप्तदान

पेंटरने शनिवारी आपल्या दोन कोटांपैकी एक देऊन टाकला आणि बुधवारपर्यंत त्याच्याकडे सात कोट जमले. त्यातला एक बाईमाणसाचा होता आणि एकाला बाह्याच नव्हत्या.

पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवी आणि थडग्यांवरची अक्षरं काढी. पाट्यांचा धंदा यंत्रांनी खाल्ला होता. थडग्यांचा मात्र बरा चालला होता, कारण मरण्याच्या बाबतीत माणसं अजून जुन्या वळणाची होती. चर्चमधल्या बहुतेकांचे आईबाप त्याच्या अक्षराखाली निजले होते. मागच्या वर्षी त्याने स्वतःच्या बायकोचं नावही काढलं. ते त्याला किंचित उजवीकडे कललेलं वाटे. पण त्याच्या अक्षराला नावं ठेवणारं एकमेव माणूस त्याच दगडाखाली होतं.

ती नावं ठेवी ती अक्षराला कमी आणि स्वभावाला जास्त. पेंटरने एकदा चर्चला एक बाक दिला होता आणि त्यावर आपलं नाव पुढून आणि मागून, असं दोनदा लिहिलं होतं. "तुम्ही कुणाला टाचणी दिलीत ना," ती म्हणाली होती, "तरी तिच्या डोक्यावर 'सप्रेम भेट' लिहाल." ती गेल्यावर घरात बोलायला कुणी उरलं नाही, तेव्हा हे एक वाक्यच बोलत राहिलं. आयुष्यात एकदा तरी बिननावाचं दान करून दाखवायचं, असं त्याने मनाशी घेतलं. कुणाला दाखवायचं, हा प्रश्न अर्थात होताच.

अशात पाळकसाहेबांनी उपदेश केला. ख्रिस्ताच्या माणसाने थोडक्यात भागवावं, उरलेलं देऊन टाकावं, आणि असं द्यावं की एका हाताचं दुसऱ्या हाताला कळू नये. पेंटर डावखुरा. नेमकं कुठल्या हाताला अंधारात ठेवायचं, यात त्याचा एक आठवडा गेला. मग तो कामाला लागला. घरात सगळंच दोन-दोन होतं: दोन खुर्च्या, दोन खाटा, दोन उश्या, दोन कप. महिनाभर रोज पहाटे तो हातगाडीवर ताडपत्रीखाली एकेक वस्तू घालून गावाबाहेरच्या अनाथाश्रमाच्या फाटकाशी ठेवून येई. घरात सगळं एकेक उरलं. खोली मोठी आणि थंड वाटू लागली. म्हणजे आपण योग्य मार्गावर आहोत, असं त्याने ठरवलं.

घात केला तो अक्षराने. चर्चच्या दाराशी एक पेटी होती. ज्याला काही मागायचं असेल त्याने बिननावाची चिठ्ठी तीत टाकायची आणि रविवारी सगळ्या मंडळीने त्यासाठी प्रार्थना करायची, अशी पद्धत. पेंटरने लिहायला घेतलं होतं, "प्रभू, मी माझं घर रिकामं केलं आहे. आता माझं मन तूच भर." पण चिठ्ठी लहान, आणि पहिली ओळ दुसरीपेक्षा लांब. तीस वर्षं पाटीत मजकूर बसवणाऱ्या माणसाला हे बघवेना. त्याने दोन्हीकडून शब्द छाटले. शेवटी उरलं ते असं:

घर रिकामं झालं.
आता तूच भर.

ओळी तागडीत तोलल्यासारख्या बसल्या. अर्थ तेवढा बदलला. पण अर्थ बघायचं काम गिऱ्हाइकाचं, असं पेंटर नेहमी मानत आला होता.

चिठ्ठ्या वाचायच्या सेक्रेटरीबाईंनी. त्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या आणि अजून ते कुणी त्यांना पटवून देऊ शकलं नव्हतं. "ही चिठ्ठी निनावी आहे," असं म्हणून त्यांनी ती उंच धरली. पुढच्या चार रांगांनी आपापल्या आईबापांच्या थडग्यावरचा 'घ' ओळखला आणि सगळ्या माना पेंटरकडे वळल्या.

तो उठायला गेला आणि पुन्हा बसला. खुलासा करायचा तर सामान कुठे गेलं ते सांगावं लागणार. आणि ते सांगितलं, की महिन्याभराच्या पहाटा पाण्यात.

उपदेश सगळ्यांनीच ऐकला होता, त्यामुळे मंडळीही गुपचूपच देऊ लागली. दार उघडलं की दारात काहीतरी. कोट आले, तीन पायांचा सोफा आला, नुसतीच झाकणं आली, आवाज असलेला पण चित्र नसलेला टीव्ही आला. माणसं थोडक्यात भागवायला शिकत होती. जे कधीच लागत नव्हतं, त्याच्यावाचून भागवण्यापासून त्यांनी सुरुवात केली होती.

"सोफा तुमचा ना?" पेंटरने औषधवाल्याला गाठून विचारलं.

"छे छे! माझा कसा असेल?"

"त्याला तुमच्या दुकानाचा वास येतोय."

"काका, वास काय, कुणाचाही कुणाला येतो," औषधवाला म्हणाला. "पाय दुरुस्त होतो मात्र. म्हणजे, झाला असता."

गाडीवर न मावणारा सोफा सोडून पेंटरने बाकीचं सगळं हातगाडीवर रचलं आणि अनाथाश्रमाकडे नेलं. ढीग एवढा, की पहाट पुरेना. भर दिवसा न्यावा लागला. रस्त्यावर लोक हळहळले, "विकून खातोय बिचारा!" आणि संध्याकाळी दारात आणखी दोन गाद्या आल्या.

तिसऱ्या खेपेला आश्रमाच्या बाईंनी फाटक उघडलंच नाही. "काका, हा कचरा परत न्या. मागच्या महिन्यात कुणीतरी इतकं नेटकं सामान ठेवून गेलं! स्वच्छ, धडधाकट. त्याच्याकडून काहीतरी शिका जरा."

"कोण होता तो?"

"देवमाणूस. नावसुद्धा सांगितलं नाही त्याने."

भरलेली गाडी ओढत परतताना पेंटर वर्षभरात पहिल्यांदा हसला. हसणं तेवढंच होतं. घरी पोचला तर सेक्रेटरीबाई आणि पाळकसाहेब सोफ्याच्या दोन टोकांना, तोल सांभाळत बसले होते.

"तुमचं काम झालं," बाई म्हणाल्या. "वृद्धाश्रमात आपल्या मंडळीच्या वाट्याची एकच खाट आहे. ती काल रिकामी झाली. कमिटीने तुम्हाला दिली. सोमवारी गाडी येईल."

"अहो, मला कशाला? मी धडधाकट आहे. रोज दगड उचलतो!"

"बघा पाळकसाहेब," बाई हळव्या होऊन म्हणाल्या. "खरा गरजवंत नेहमी नाहीच म्हणतो."

खरी बातमी संध्याकाळी घंटावाल्याने आणली. म्हातारा चर्चच्या मनोऱ्याखाली, जिन्याच्या पोटात राही. तिथल्या भिंती बारा महिने ओल्या. त्याच्या छातीतून असा आवाज येई, की रविवारी लोक नक्की कशाच्या आवाजाने चर्चला येतात हे सांगणं अवघड होतं.

"अभिनंदन बाबा," तो खोकत गादीवर टेकला. "खाट खिडकीजवळची आहे म्हणे. मी विचारून ठेवलं होतं."

"तू का विचारलंस?"

"यादीत पहिला मीच होतो ना. तीन वर्षं. डॉक्टर म्हणाला, ही थंडी त्या बिळात काढू नकोस." त्याने हात झटकला. "जाऊ दे. तुझी अडचण मोठी. मला निदान दोरी ओढून ऊब तरी येते."

पेंटर तसाच उठून सेक्रेटरीबाईंकडे गेला. खाट घंटावाल्याला द्या म्हणाला. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तुमच्यासारख्यालाच ती मिळायला हवी म्हणाल्या. शेवटी त्याने इकडेतिकडे बघून, पडेल आवाजात, सामान आपणच वाटल्याचं सांगितलं. बाईंनी त्याच्या खांद्यावर थोपटलं. "स्वाभिमान दुखावतो, काका. आम्हाला कळतं ते."

रात्रभर विचार करून पेंटरच्या ध्यानात आलं, की या लोकांची दया काही केल्या हटत नाही. ती आटवायला एकच औषध होतं.

रविवारी उपासना संपता संपता तो उठला आणि मधल्या वाटेत उभा राहिला.

"मंडळी, तुमचा गैरसमज झालाय. मी गरीब नाही. तुम्ही आहात तोवर माझ्या धंद्याला मरण नाही. आश्रमाला महिनाभर सामान दिलं ते मी. मीच! तिथल्या बाई मला देवमाणूस म्हणतात. एक खाट दिली, एक खुर्ची दिली, कोट दिला. लोकरी! तुम्ही काय दिलंत? झाकणं!"

पुढच्या चार रांगांच्या माना पुन्हा वळल्या.

"काका," पाळकसाहेब कळवळून म्हणाले, "दान बोलून दाखवलं की त्याचं फळ गेलं."

"गेलं तर गेलं. चार लोकांना कळायला नको का?" पेंटर म्हणाला आणि खाली बसला. त्याचे कान लाल झाले होते. वाटेपलीकडच्या बाकावरची बाई पोराला घेऊन जरा लांब सरकली.

कमिटीने त्याच दुपारी खाट काढून घेतली. संध्याकाळपर्यंत निनावी दात्यांनीही आपापलं नाव सांगून, रांग लावून, सामान परत नेलं. औषधवाल्याने तर सोफ्याचा चौथा पाय कुठे गेला, अशीही चौकशी केली. अंधार पडला तेव्हा घरात एकच खुर्ची होती, आणि तिच्यावर पेंटर.

सोमवारी वृद्धाश्रमाची गाडी आली ती मनोऱ्यापाशी. पेंटर घंटावाल्याची ट्रंक उचलायला गेला. म्हाताऱ्याने ती चढवू दिली, आत बसून गुडघ्यांवर घोंगडी ओढली, पण पेंटरकडे बघेना.

"सांभाळून राहा," पेंटर म्हणाला.

"मी राहीन रे. तू सांभाळ." म्हातारा काच खाली करून, खोकत खोकत बोलला. "इतकी वर्षं ओळखतो तुला, म्हणून सांगतो. काल जे केलंस ते शोभलं नाही. देवाच्या घरात उभं राहून स्वतःची फुशारकी! दिलं होतंस, तर गप्प बसवत नव्हतं?"

पेंटरने तोंड उघडलं. गाडीवाल्याने इंजिन सुरू केलं होतं.

"चुकलं," पेंटर म्हणाला आणि बाहेरून दार नीट लावून घेतलं.