गादीशेठची कळ

गाद्यांच्या दुकानाचे मालक गादीशेठ भरदुपारी दोन पलंगांच्या मधल्या फरशीवर उताणे पडले होते आणि त्यांचा उजवा पाय त्यांचं ऐकत नव्हता.

कमरेखालून निघालेली कळ थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत जायची. डॉक्टर म्हणाले, सायटिका. योगाच्या बाईंनी आसनं शिकवली आणि बजावलं, "हिसका द्यायचा नाही. कळ पायात उतरली की तिथूनच मागे फिरायचं." घरी चटई अंथरली की नातवंडं पोटावर बसत, म्हणून शेठ गिऱ्हाईक नसताना दुकानातच आसनं उरकत. आज उजवा घोटा डाव्या गुडघ्यावर ठेवून मांडी छातीकडे ओढताना त्यांना वाटलं, जमतंय की! आणि त्यांनी दिला एक हिसका. कळ अशी आली की पाय पुढेही जाईना, मागेही फिरेना.

तेवढ्यात दार उघडलं. "शेठ आहेत का?"

"आहे. खाली आहे."

"तळघरात?"

"फरशीवर!"

पलंगांच्या फटीतून एक निवृत्त मास्तर आणि त्यांच्या मास्तरीणबाई डोकावल्या. "एवढ्या गाद्या सोडून तुम्ही जमिनीवर?" मास्तरांनी विचारलं.

खरं सांगावं तर पंचाईत. वर भिंतीवर शेठनीच पाटी लावली होती : 'कंबरदुखी? आमच्या गादीवर झोपा!' शेठ कसंनुसं हसले. "आधी फरशीवर पडून बघायचं असतं. मग गादीची किंमत कळते."

मास्तरांना ते पटलं. ते हळूच शेजारी आडवे झाले, शेठसारखाच पायावर पाय ठेवला आणि डोळे मिटून म्हणाले, "अहाहा! अगं, कळ थांबली!"

"अहो, आपण गादी घ्यायला आलोय. रात्रभर कण्हता तुम्ही आणि डोळ्याला डोळा लागत नाही माझा!"

"तू बघ गाद्या. मी काही उठत नाही."

"मी तरी कुठे उठतोय," शेठ पुटपुटले.

बाहेरून जाणाऱ्या एकाला काचेतून दोन माणसं निपचित पडलेली दिसली. शेजारच्या इस्त्रीवाल्याने लगेच निदान केलं, "गॅस!" बघे जमले, फोन गेले, आणि घणघणत आगीचा बंब दारात आला. तोंडाला मुखवटे लावून जवान आत शिरले.

"श्वास घेता येतोय का?"

"तेच तर करतोय," शेठ म्हणाले. "लांब घ्यायला सांगितलाय."

"मग उठा की!"

"उठता आलं असतं तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?"

"आम्हाला तुम्ही बोलावलंच नाही!" जवानांचा प्रमुख खेकसला.

शेवटी शेठचा बांध फुटला. "सायटिका आहे हो मला! पाय अडकलाय!"

दाराबाहेरची गर्दी पाटीकडे बघून फिदीफिदी हसली. एका जवानाने गुडघ्याखाली हात घालून, श्वासागणिक पाय खाली आणला, शेठना कुशीवर वळवून बसतं केलं. पाय सुटला, पण अब्रू गेली. कंबर बसली ती बसली, आता धंदाही बसणार, असं शेठना वाटलं.

इतक्यात कोपऱ्यातून आवाज आला. घर्रर्र... जवानांनी चटकन पुन्हा मुखवटे चढवले. सगळ्यात जाड गादीवर मास्तरीणबाई तोंड उघडं टाकून घोरत होत्या.

"खबरदार कुणी उठवलं तर!" मास्तर कुजबुजले. "कित्येक वर्षांनी झोपलीय बिचारी. ही गादी मी घेतली. घरपोच मिळते ना?"

"मिळते."

"मग अशीच पोचवा."

दुकानाचा टेम्पो गावाबाहेर गेलेला. शेठनी प्रमुखाकडे पाहिलं. प्रमुखाने मास्तरीणबाईंकडे पाहिलं. "आलोच आहोत तर..." तो सुस्कारा टाकून म्हणाला.

जवानांनी गादी चारी कोपऱ्यांना धरून उचलली. वारा लागू नये म्हणून शेठनी वर पांढरी चादर घातली. पुढे प्रमुख, मागे मास्तर, कुणाच्या पायाचा आवाज नाही. गर्दी आपोआप दुभंगली. हसणाऱ्यांनी माना खाली घातल्या. बंब घंटा न वाजवता हळूहळू निघाला.

इस्त्रीवाला डोळे पुसत शेठजवळ आला. "फार वाईट झालं. कशाने गेल्या हो?"

"बंबाने," शेठ म्हणाले.