चेक-इन दोन, चेक-आउट अकरा

आमच्या बबनभाऊंच्या दारात पाहुणा उभा राहिला की पाण्याचा तांब्या नंतर येतो, आधी त्याला चेक-आउटची वेळ सांगितली जाते. "या, बसा. चेक-औट अकरा बरं का." मग तो पाहुणा मुंबईहून तंबूत राहायला आलेला असो, नाहीतर लग्नाची पत्रिका द्यायला आलेला सख्खा मेहुणा असो. मेहुणा संध्याकाळी पाचला आला होता आणि सव्वापाचला निघणार होता. भाऊंच्या दृष्टीनं तो मुद्दा गौण. नियम सगळ्यांना सारखा.

मी पवनानगरच्या शाळेत शिकवते. मूळची तळेगावची, पण रोजचं जाणं-येणं झेपेना म्हणून गेली सहा वर्षं भाऊंच्या घराच्या माडीवर राहते. पहिल्या दिवशी मलाही अकराची वेळ सांगण्यात आली होती. ते अकरा अजून वाजलेले नाहीत, एवढी त्यांची कृपा.

धरणाच्या काठाला भाऊंची थोडी जमीन आहे. वरच्या खाचरात अजून इंद्रायणी तांदूळ होतो, खालच्या तुकड्यात तंबू आहेत. सहा तंबू, दोन न्हाणीघरं, शेकोटीची एक जागा आणि भाऊंच्या बायकोच्या, म्हणजे मालनमावशींच्या हातची पिठलं-भाकरी, असा सगळा कारभार. शनिवार-रविवारी शहरातली पोरं-पोरी येतात आणि येण्याआधी फोनवर पंचवीस प्रश्न विचारतात. व्ह्यू कसला आहे? बाथरूम आत की बाहेर? व्हेजची भांडी वेगळी का? गाणी किती वाजेपर्यंत लावता येतील? दुसरा कुणी असता तर चार दिवसांत कंटाळला असता. भाऊ मात्र भारावून गेले.

"मान्सानं जावं तर असं इचारून जावं, बाई," ते मला म्हणाले. "न्हाई तर आमचे पावने. जीपमधून उतरत्यात अन् म्हनत्यात, आलो! आरं, आलास त्ये दिसतंय. पर आदी ल्ह्यून पाठवाया काय झालतं?"

तेव्हापासून भाऊ स्वतःही कुठं न विचारता जात नाहीत. कामशेतला पुतणीचं लग्न होतं, तर मुलाच्या बापाला यांनी आधी फोन लावला. जेवण व्हेज का, पार्किंग कुठं, म्युझिक किती वाजता बंद? व्याही बिचारा आधीच मांडववाल्याशी भांडून थकलेला. त्यानं फोन ठेवून दिला. भाऊंनी त्याचा अर्थ 'बुकिंग फुल्ल' असा घेतला आणि लग्नाला जायचंच रद्द केलं. मावशींनी हाताला धरून जीपमध्ये बसवलं म्हणून गेले. घरातही तेच चालतं. मावशींनी "जेवायला चला" म्हटलं की भाऊ ओसरीवरूनच विचारतात, "कन्फर्म?" यावर मावशी काय म्हणतात ते मी इथं लिहीत नाही, कारण मी शिक्षिका आहे.

आता नंदाबद्दल सांगते. ती भाऊंची एकुलती एक मुलगी. मुलुंडला असते, एका दवाखान्यात नर्स आहे. लग्नाला अकरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत भाऊ तिच्याकडे पाच-सहा वेळा गेले असतील, पण राहिले एकदाही नाहीत. सकाळी जायचं, संध्याकाळच्या गाडीनं परत. बरोबर घरच्या पाण्याची बाटली आणि फडक्यात बांधलेली भाकरी. "मुंबईचं पानी मला बाधतंय," असं सांगायचे. तांदळाची गोणी पोचवायची, लेकीच्या डोक्यावरून हात फिरवायचा, घरून नेलेली भाकरी तिच्यासमोर बसून खायची आणि निघायचं. नंदा दर उन्हाळ्यात फोन करायची, "दादा, यंदा तरी एक रात्र राहा." भाऊ म्हणायचे, "बगू." मग त्या दिवशी मावशी दिवसभर भांडी आपटायच्या. मला वाटायचं, बाप हट्टी आहे आणि मुलीला उगाच रडवतो.

यंदा शाळेचे निकाल लागले, सुट्टी सुरू झाली, माझी तळेगावला जायची बॅग भरून झाली, आणि भाऊ जिन्यात येऊन उभे राहिले.

"बाई, नंदीकडं बुकिंग करायचंय. एक मानूस, एक रात. जरा ल्ह्या."

"मुलीकडे कसलं बुकिंग, भाऊ? येतो म्हणून सांगा की."

"ल्ह्या वो तुमी."

मी बॅग खाली ठेवली आणि माझ्या फोनवरून लिहायला लागले. चेक-इन किती वाजता? खोलीत आणखी कुणी का? पंखा की एसी, एसी असल्यास तो बंद करता येतो का? व्ह्यू काय? बाथरूम आत की बाहेर? जेवणखाण इन्क्लूड आहे का? हा शेवटचा प्रश्न त्यांनी मला दोनदा वाचून दाखवायला लावला. शेवटी, 'अॅडव्हान्स कळवणे.'

दिवसभर उत्तर आलं नाही. संध्याकाळी नंदाचा भाऊंनाच फोन आला. भाऊंचा फोन कायम स्पीकरवर असतो, म्हणजे गिऱ्हाइकाला किती भाकऱ्या लागणार ते मावशींनाही परस्पर ऐकू जातं.

"दादा, हे काय? तुम्ही काय हॉटेलात येताय का?"

"व्हय," भाऊ म्हणाले. "तसंच धर. गिऱ्हाईक येतंय असं धर."

पलीकडून नंदानं 'गिऱ्हाईक' हा शब्द एकदा हळूच परत म्हटला. मग नंदा एवढंच म्हणाली, "बरं. लिहून पाठवते." मला त्या क्षणी भाऊंचा खरंच राग आला. चेष्टेलाही काही सुमार असतो. मी तडक वर निघून गेले.

सकाळी नंदाचं उत्तर आलं. चेक-इन दोन. खोली स्वतंत्र. एसी नाही, पंखा आहे. व्ह्यू समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीचा, तिथं एक बाई पापड वाळत घालते. बाथरूम आत. जेवण, नाश्ता, चहा, पाणी सगळं इन्क्लूड. अॅडव्हान्स म्हणून तांदूळ चालेल. भाऊंनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. 'पाणी' या शब्दाशी त्यांनी मान हलवली.

तांदूळ रविवारी ठाण्याकडं परतणाऱ्या पोरांच्या गाडीतून गेला. पोरं खुशीत घेऊन गेली, कारण त्यांना भाऊंनी साडेअकरापर्यंत तंबूत बसू दिलं होतं. अशी सवलत मी सहा वर्षांत पहिल्यांदा पाहिली. रात्रीच्या जेवणाआधी नंदाचा निरोप आला, 'अॅडव्हान्स मिळाला. बुकिंग कन्फर्म.' तो भाऊंनी जीपवाल्यापासून किराणावाल्यापर्यंत सगळ्यांना दाखवला.

तारीख पुढच्या सोमवारची ठरली. शनिवार-रविवार धंद्याचे, आणि महिनाअखेरीला काजवे दिसायला लागले की मग पाऊल बाहेर टाकायला सवड नाही. मावशींनी तंबू सांभाळायचे, भाऊंनी जायचं. तयारी आठवडाभर चालली, आणि लिहायला मी हवीच म्हणून माझी तळेगावची बॅग दारातच राहिली. भाऊ आपल्या गिऱ्हाइकांना जे आणायला सांगतात ते सगळं त्यांनी पिशवीत भरलं: टॉर्च, कानटोपी, जादा चपला, अंग पुसायचा पंचा, आधार कार्डाच्या दोन झेरॉक्स. मे महिन्यात मुलुंडला कानटोपी कशाला, असं मी विचारलं. "यादीत हाय," ते म्हणाले. जावई ठाणे स्टेशनवर घ्यायला येणार होते, त्यांनाही नको म्हणून कळवलं. पिक-अप बुकिंगमध्ये धरलेला नव्हता.

सोमवारी सकाळी भाऊ कामशेतच्या जीपमध्ये बसले. तिथून लोणावळा, लोणावळ्याहून पुढची गाडी. जीप सुटता सुटता माझ्या लक्षात आलं की पाण्याची बाटली ओट्यावरच राहिली आहे. भाकरीचं फडकंही दिसत नव्हतं. मी बाटली घेऊन धावले.

"ऱ्हाऊ द्या ती," भाऊ खिडकीतून म्हणाले. "इन्क्लूड हाय न समदं."

पाऊण वाजता नंदाचा मला फोन. "बाई, दादा कधीचे आलेत. खाली बागेतल्या बाकावर बसलेत. वरच येत नाहीत! दोनला चेक-इन आहे म्हणतात. एवढ्या उन्हात! वॉचमनला आधारची झेरॉक्स देऊन बसलेत." ती हसत होती का रडत होती, ते मला फोनवर नीट कळेना.

मी तणतणत खाली आले आणि मावशींना म्हटलं, "बघा तुमच्या भाऊंचं. पोटच्या मुलीच्या दारात गिऱ्हाइकासारखे बसलेत."

मावशी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"बसू द्या, बाई. तसंच जायाला पायजे हुतं त्यांना. नंदीचं लगीन लागलं तवा आमच्या सासूबाईंनी ह्यांना आन घातलीती. लेकीच्या पोटी मूल आल्याबिगर तिच्या घरचं अन्न-पानी घ्यायचं न्हाई. पयली लोकं पाळायची. तवा वाटलं, वरीसभराचा प्रश्न हाय. सासूबाई त्याच साली गेल्या, आन तशीच ऱ्हायली."

नंदाला मूल नाही हे मला माहीत होतं. त्याचा बाटलीशी संबंध आहे हे मात्र माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

"डाक्टर झाले, द्येव झाले," मावशी म्हणाल्या. "ह्यांनी बाटली काडली की लेकीचं तोंड उतरायचं. त्यांनाबी दिसायचं त्ये. येकदा घरी येऊन मुक्यानं बसलेते दोन दिस. गेलेल्या आईला दिलेला सबूद मोडवंना, अन् पोरीचं तोंड बगवंना. मग यंदा म्हनले, मालन, गिऱ्हाईक कुटंबी जेवतं. गिऱ्हाइकाला आन लागत न्हाई. बुकिंग करून गेलो तर आईबी काय म्हननार न्हाई."

"आणि मावशी, तुम्ही? तुम्हालाही आण होती?"

"व्हती की. मी पयल्याच खेपेला च्या प्याले. दोन कप." मावशींनी सूप पुन्हा हातात घेतलं. "त्यांना सांगू नका."

मी वर जाऊन नंदाला फोन लावला आणि म्हटलं, "त्यांना बसू दे दोनपर्यंत. घाई करू नकोस." ती म्हणाली, "माहीत आहे मला, बाई. मी पण खाली येऊन त्यांच्या शेजारी बसलेय." दोन वाजता ती दोघं बरोबर वर गेली.

मंगळवारी अकराला पाच मिनिटं कमी असताना भाऊंचा मावशींना फोन आला. आवाज एकदम दबका. "मालन, फुडची बुकिंग न्हाई म्हनती ती. यक्स्टेंड करू का?"

"करा," मावशी म्हणाल्या आणि लगेच फोन ठेवला. त्या दिवशी त्यांनी भांडी इतकी हळू घासली की मला वर काही ऐकूच आलं नाही. माझी बॅग अजून दारातच होती. मीही तळेगावला जाणं आणखी पुढं ढकललं, कारण मला राहवेना.

भाऊ गुरुवारी संध्याकाळी परत आले. कानटोपी वापरली नव्हती, टॉर्च वापरला होता, एकदा लाइट गेली म्हणून. ते त्यांनी मला मुद्दाम सांगितलं. हातपाय धुऊन ते थेट माझ्या जिन्यात येऊन बसले. भाऊंकडं एक वही आहे, तंबूतून निघणाऱ्या प्रत्येकाकडून ते तीत अभिप्राय लिहून घेतात. आता पाळी त्यांची होती, आणि त्यांचा अभिप्राय माझ्या फोनवरून नंदाला जायचा होता.

"ल्ह्या बाई. खोली साफ. पंखा झ्याक. व्ह्यू जेमतेम, पर पापडवाली बाई रोज हात करती. वाचमन मानूस चांगला. जेवान..." इथं ते खालच्या पायरीकडं बघायला लागले.

"जेवान आईच्या हातावर गेलंय पोरीचं. अन् पानी ग्वाड हाय. पानी लय ग्वाड हाय, असं ल्ह्या."

मी लिहिलं. मला पुढचं अक्षर नीट दिसत नव्हतं, तरी लिहिलं आणि पाठवून दिलं.

"गेलं?"

"गेलं, भाऊ."

"मंग फुडच्या उन्हाळ्याचं आत्ताच टाकून ठिवा. सोमवार ते सोमवार. दोन मान्सं. तंबू ऱ्हातील आठ दिस बंद, काय व्हत न्हाई."

खाली मावशींच्या हातातलं काहीतरी वाजलं आणि थांबलं. मी नवा निरोप उघडला आणि सवयीनं विचारलं, "चेक-इन किती वाजता विचारू? जेवणाचं? अॅडव्हान्स?"

भाऊ उठले, गुडघ्यावर हात टेकून एकेक पायरी उतरायला लागले.

"काय इचारू नका," ते जाता जाता म्हणाले. "नुसतं ल्ह्या, आमी येतोय."