डोंगराला दोन वाटा

डोंगराच्या पायथ्याशी, तिकीट खिडकीसमोरच, घड्याळवाल्यांचं आणि त्यांच्या बायकोचं वाजलं. वाट गोल होती. डावीकडून चढलं की उजवीकडून उतरायचं, नाहीतर उजवीकडून चढून डावीकडून उतरायचं. सुट्टीच्या दिवशी अर्धं शहर तिथे लोटायचं आणि कुणाचं काही बिघडायचं नाही.

"डावीकडनं चढू," घड्याळवाले म्हणाले. "घड्याळाचा काटा तसाच फिरतो."

"दुकान इथंही आणलंत का? डावीकडे नुसत्या पायऱ्या आहेत. माझा गुडघा काय म्हणेल?"

"शाळेत पोरांना मैदानाला फेऱ्या मारायला लावतेस, तेव्हा बरा गप्प असतो गुडघा!"

"फेऱ्या पोरं मारतात. मी शिट्टी मारते." कवायतीच्या बाईंनी निळी टोपी डोक्यावर दाबली. "तुम्ही जा काट्यासारखे. मी जाते माझ्या वाटेनं. भेटू वर!"

घड्याळवाले तावातावाने पायऱ्या चढून गेले. आज फोनला हात लावायचा नाही, असं म्हणून दोघांचे फोन त्यांनीच गाडीत ठेवले होते आणि किल्ली खिशात घातली होती. माथ्यावर पोचल्यावर त्यांनी रुमालाने बाक पुसला आणि शेजारी एकीपुरती जागा धरली. मग पाण्याची बाटली उघडली. पहिला घोट घशाखाली उतरला आणि लक्षात आलं, पाणी सगळं आपल्याकडेच आहे. दुसरा घोट काही उतरेना.

तेवढ्यात उजव्या वाटेने एक गृहस्थ कुत्र्याला ओढत, खरं तर कुत्र्याकडून ओढले जात, वर आले.

"निळ्या टोपीवाल्या बाई दिसल्या का हो?"

"खाली दगडावर बसल्यात. गुडघा चोळतायत."

घड्याळवाल्यांचा राग जागच्या जागी विरघळला. ते उजव्या वाटेने धावत सुटले. प्रत्येक वळणावर आता दिसेल, आता दिसेल, असं करत करत थेट पायथ्याला येऊन थडकले. निळी टोपी कुठेच नव्हती.

"तुमच्या मिसेस ना?" तिकीटवाली म्हणाली. "मघाशीच खाली आल्या. म्हणाल्या, माणूस रागावून गेलाय, समजूत काढते जाऊन. डावीकडनं गेल्या वर."

"पायऱ्यांनी? तो गुडघा घेऊन?"

"मीसुद्धा तेच म्हटलं."

घड्याळवाले पुन्हा पायऱ्या चढू लागले. पण दुसऱ्या खेपेला पाय पहिल्या खेपेचे नव्हते. निम्म्या वाटेवर पोटरीत असा गोळा आला की ते पाय धरून खालीच बसले. शेजारून तरुणांचं एक टोळकं वर निघालं होतं.

"निळ्या टोपीवाल्या बाई भेटल्या तर सांगा, पायात गोळा आलाय, तिथंच थांब म्हणावं."

टोळक्यातल्या पुढच्याने मागच्याला सांगितलं, त्याने आणखी कुणाला तरी. निरोप माथ्यावर पोचला तेव्हा त्यातला गोळा गळून पडला होता आणि पाय मोडला होता.

थोड्या वेळाने माथ्यावरचे दोन रक्षक स्ट्रेचर घेऊन पायऱ्या उतरत आले. "पाय मोडलेले काका तुम्हीच ना?"

"अहो, मोडलाय कुठला! नुसता गोळा आलाय."

"सगळे असंच म्हणतात. काकूंना पायऱ्यांच्या गर्दीतनं नको म्हटलं, दुसऱ्या वाटेनं खाली पाठवलंय. फार रडत होत्या. आडवे व्हा."

रडत होत्या, हे ऐकल्यावर घड्याळवाल्यांच्यात वाद घालायचं बळ उरलं नाही. शिवाय, खोटं कशाला बोला, स्ट्रेचर मऊ होतं. ते आडवे झाले. लोक बाजूला सरून वाट देत होते, हळहळत होते. पायऱ्या उतरणाऱ्या कुत्रेवाल्या गृहस्थांनी तर टोपीच काढली. तेव्हा मात्र घड्याळवाल्यांनी आपण जिवंत असल्याची खूण म्हणून हात हलवला.

स्ट्रेचर पायथ्याशी टेकायला आणि उजव्या वाटेने बाई धापा टाकत यायला एकच गाठ पडली. टोपी एका कानावर, डोळे लाल.

"अहो! चुकलं हो माझं! काट्यासारखे जा, असं कशाला म्हणाले मी!"

"अगं, रडू नकोस! काही झालेलं नाही मला! हे बघ!"

बायकोचे डोळे पुसायच्या घाईत घड्याळवाल्यांनी स्ट्रेचरवरून टुणकन उडी मारली. खाली एक गोल दगड होता. पाय त्यावर पडला, कडकन मुरगळला, आणि जो ओरडा निघाला त्याने तिकिटाची रांगच्या रांग मागे वळली.

रक्षकांनी त्यांना पुन्हा आडवं केलं. घोटा बघता बघता टम्म सुजला. बाईंनी डोळे पुसले, टोपी सरळ केली आणि त्यांच्या उशाशी फतकल मारून बसल्या.

"दुखतंय?"

"फार."

"दुखू दे," त्या मायेने म्हणाल्या. "आता निदान एका जागी तरी सापडाल."